घासलेली डबी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय—खरंच कळत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा मला माज आहे, लपवत नाही. म्युझियम स्टडीज करायला इथे इंग्लंडला आले आणि रीडिंग गावात लीलाकाकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "ही आमची म्युझियमवाली. हिला विचारा, हिला सगळं माहीत असतं." आणि मी—मी कधी नाही म्हटलं का?

त्यांच्याकडे एक चांदीची डबी होती. काका नोकरीसाठी अमेरिकेत होते तेव्हाची. चांदीचं काम तिथल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या कारागिराचं; झाकणावरचा सूर्य शेजारच्या झुनी जमातीतल्या एका बाईने जडवलेला—फिरोजा, पोवळं, शिंपला, एकाला एक भिडवून, मध्ये केसाएवढी चांदीची रेघ. काकांनी ती त्या बाईच्या घरी, तिच्या ओट्याशी उभं राहून घेतली होती. काका गेले, गोष्ट काकूंकडे राहिली. नात तन्वी दर खेपेला म्हणायची, "आजी, ते डबीचं स्टोरी सांग ना." तिच्या लग्नात डबी तिलाच द्यायची, हेही ठरलेलं.

"त्याआधी जरा उजळून दे ग," काकू मला म्हणाल्या आणि टेस्कोत सामान आणायला गेल्या.

मी काय केलं? गौरीच्या आधी आई देवाची चांदी उजळते, तसंच—गरम पाणी, सोडा, मग रांगोळीने घासली. नक्षीच्या खाचांतला काळा रंग जाईपर्यंत घासली. तो मळ नव्हता. नक्षी उठून दिसावी म्हणून कारागिराने मुद्दाम ठेवलेला होता. आणि फिरोजा—तो पाणी पितो, हिरवट पडला. हे सगळं मी लॅपटॉपवर वाचलं. नंतर. पण काकू परत यायच्या आत.

"मला माहीत नव्हतं"—एवढंच म्हणायचं होतं. नेमकं तेवढंच मला म्हणता येईना.

मी म्हटलं, "काकू, दगड खरे नाहीत. रंगवलेले आहेत, म्हणून रंग गेला. काकांना कुणीतरी फसवलं—" तिथे तरी थांबावं की नाही?—"नाहीतर एअरपोर्टवरच घेतली असेल."

डबीच्या तळाशी त्या बाईचं नाव कोरलेलं होतं. काका सांगायचे तेच. ते मी पाहिलं होतं.

काकूंनी डबी माझ्या हातून घेतली. मग हसल्या. "थापाडे कुठले! आणि मी जन्मभर लोकांना सांगत बसले."

तन्वीला लग्नात सोन्याचं नाणं मिळालं. तिने डबीचं विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही ग, आजोबांची गंमत होती ती."

गेल्या दिवाळीला काकूंकडे गेले होते. माझा पदर घसरत होता. त्यांनी ड्रॉवरमधून ती डबी काढली—आता तिच्यात सेफ्टी पिना असतात—आणि खांद्यावर पिन लावायला लागल्या.

"हलू नकोस," म्हणाल्या, "टोचेल."

मी हलले नाही.