अनुमोदनकाका

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत कुणीतरी उभं राहून सूचना मांडायचं आणि मग नेहमीची ती शांतता पसरायची. कुणी चहाच्या कपात बघत बसायचं, कुणी शेजारच्या पोराच्या जॅकेटची चेन उगाच लावून द्यायचं. अध्यक्ष विचारायचे, "अनुमोदक कोण?" त्यांचं विचारून होतं न होतं तोच खिडकीजवळच्या खुर्चीतून एक जाडसर, शांत आवाज यायचा, "अनुमोदन." मँचेस्टरला आल्यावर बराच काळ मला या गृहस्थांचं खरं नाव माहीत नव्हतं. सगळे त्यांना अनुमोदनकाकाच म्हणायचे. त्यांच्या कानावर ते गेलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

मला मात्र सुरुवातीला त्यांचा राग यायचा. माझा स्वभाव तापट. जो उठतो त्याला हो म्हणणारा माणूस मला मुळमुळीत वाटतो. पुढे पावभाजीचं प्रकरण झालं आणि माझं मत बदललं. पुण्याहून नुकताच आलेला आयटीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, यंदा गुढीपाडव्याला श्रीखंड-पुरीऐवजी पावभाजी ठेवू या. सभेत असा सन्नाटा पसरला की जणू त्याने गुढीच उतरवायला सांगितली. "अनुमोदन," काका म्हणाले. मग तासभर घमासान चर्चा झाली, आणि मतदानाच्या वेळी काकांनी शांतपणे विरोधात हात वर केला. तो मुलगा चक्रावलाच. "काका, तुम्हीच तर सपोर्ट केला होता ना?" काका म्हणाले, "तुझ्या बोलण्याला केला बाप्पा. पावभाजीला नाही."

काका मूळचे अमरावतीचे. मँचेस्टरजवळच्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लीगल डिपार्टमेंटमध्ये त्यांचा सारा जन्म गेला होता. इंग्रजी अगदी इथलं, पण मराठीत आले की वऱ्हाड सुटायचं नाही. "काय करून राहिली तू?" हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न. नोकरीत त्यांनी स्वतः होऊन मोठा खटला कधी उभा केला नाही. पण मंत्रालयाच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध दूरचं कुठलं तरी छोटं कौन्सिल एकटं कोर्टात गेलं, की आपल्या कौन्सिलनेही त्याच्या पाठीशी उभं राहावं म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागायचे. "आपला काय फायदा?" असं वरिष्ठ विचारायचे. काका म्हणायचे, "आज काही नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी फार उशीर झालेला असेल." कधी त्यांचं ऐकलं जायचं, बहुतेकदा नाही.

ही सवय कोर्टापुरती नव्हती. एकदा आम्ही ट्रॅममधून येत होतो. कॉलेजातली एक मुलगी समोरच्या दांडगट पोराला म्हणाली, गाणी जरा हळू लाव. पोरगा ढिम्म. अख्ख्या डब्याने माना मोबाइलमध्ये घातल्या. काका आपल्या जागेवरून, सभेत म्हणावं तसं, "I second that," म्हणाले. पोरगा इतका गोंधळला की त्याने गाणंच बंद केलं. काकांच्या घरी आल्यावर मी हे काकूंना सांगितलं. काकू कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "अगं, लग्नाचंही तसंच. सूचना माझी होती. ह्यांनी नुसतं अनुमोदन दिलंय." काका पेपरमागून म्हणाले, "आणि मतदानही बाजूनेच केलं." असे दोघे.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण केतकी अमेरिकेत गरोदर राहिली. ती आणि तिचा नवरा दोघंही तिकडे नोकरीच्या व्हिसावर. एरवी आनंदाची बातमी, पण त्याआधीच तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता. आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर तिथे जन्मलेल्या मुलाला यापुढे जन्मानं नागरिकत्व नाही. कोर्टाने त्याला स्थगिती दिली होती, पण स्थगिती म्हणजे काय, आज आहे, उद्या उठेल. आपलं बाळ कुठल्या देशाचं म्हणून जन्माला येणार, हेच केतकीला कळेना. तिची झोप उडाली, आणि इथे माझी.

मी काकांकडे गेले. त्यांनी सगळे कागद इंटरनेटवरून आधीच काढून वाचलेले होते. निवृत्त माणसाला क्रिकेट असतं, काकांना दुसऱ्यांचे खटले होते. त्यांनी मला नीट समजावलं. तिकडे प्रत्येक राज्याचा स्वतःचा मुख्य वकील असतो, अटर्नी जनरल. तो आपल्याकडच्या राज्यपालासारखा वरून पाठवलेला नसतो, बहुतेक राज्यांत लोकच त्याला निवडून देतात. अशा बऱ्याच राज्यांचे वकील मिळून या आदेशाविरुद्ध कोर्टात उभे होते, आणि केतकीचं राज्य त्यांच्यात होतं. "सामान्य माणूस सरकारविरुद्ध उभा राहिला तर कोर्ट ऐकून घेतं," काका म्हणाले. "सरकारविरुद्ध सरकारच उभं राहिलं तर कोर्ट खुर्चीत सरळ बसतं."

मी चिडून म्हटलं, "पण काका, इथे तरी काय वेगळं? माझा आर्यन इथेच जन्मला, पण आम्ही तेव्हा व्हिसावर, म्हणून त्याच्याकडे अजून इंडियन पासपोर्टच आहे. आम्ही कुठे कोर्टात गेलो?"

काका म्हणाले, "इथला नियम मलाही आवडत नाही. पण तो पार्लमेंटने केला. भांडले, मतं घेतली, मग केला. तिथे एकाने सही केली आणि पोटातल्या पोरांचं ठरवून टाकलं. मला नियमापेक्षा त्या सहीचं वाईट वाटते."

उन्हाळ्यात केतकीला तिथल्या एका संस्थेचा फोन आला. आदेशामुळे काय भोगावं लागतंय हे एखाद्या गरोदर बाईने शपथेवर लिहून दिलं तर खटल्याला बळ येईल, नाव उघड होणार नाही, असं ते म्हणत होते. तिचा नवरा नको म्हणाला. "आपण इथे पाहुणे आहोत. व्हिसावर काही आलं तर?" केतकीला करायचंही होतं आणि भीतीही वाटत होती. मी तर पेटलेच. सही कर म्हणून तिला रोज मेसेज टाकायला लागले. ती ऐकेना, म्हणून शेवटी मी ठरवलं, आता काकांनाच बोलायला लावायचं. जन्मभर ज्यांनी लोकांच्या बोलण्यामागे आपलं बोलणं उभं केलं, ते केतकीला दोन वाक्यांत तयार करतील याबद्दल मला शंकाच नव्हती.

रविवारी दुपारी काकांच्या स्वयंपाकघरातून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. केतकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. काकांनी तिला खटल्याचं काहीच विचारलं नाही.

"जेवण जाते का बेटा?"

"थोडं थोडं, काका."

"झोप?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"मग नको करू सही," काका म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काका!"

त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि केतकीशी बोलत राहिले. "हे बघ, तू भ्यायली म्हणून तू कमी नाही. तुझं राज्य कोर्टात उभं आहे ना? ते कशासाठी उभं आहे? तुझ्यासारखीला एकटीला उभं राहायला लागू नये म्हणून. तुला वाटलं तर लिहून दे, फार चांगलं होईल. पण आम्ही सगळे म्हणतो म्हणून देऊ नको. आत्ता तू कुणाच्या मागे उभी राहायची नाहीस. आम्ही तुझ्या मागे राहायचं."

केतकी रडायला लागली. गेल्या कित्येक दिवसांत ती असं मोकळं रडली नव्हती. काकू पुढे झाल्या आणि तिला डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगत बसल्या. मी फुरंगटून स्टॉपकडे निघाले तर काका कोट चढवून सोबत आले. "रागावली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते म्हणाले, "ज्याला ओझं पेलतं त्याने खांदा द्यायचा. जिच्या पोटात पोर आहे तिच्याकडे खांदा मागायला गेलो, तर मग राज्य कशाला पाहिजे आणि वकील कशाला पाहिजे?" ट्रॅम आली. मी चढले, पण घरी पोचेपर्यंत राग उरला नव्हता.

केतकीने सही केली नाही. दुसऱ्या कुणी तरी केली असेल. ती बाई कोण, कुठली, आम्हाला कधी कळणार नाही. काका मात्र कधीकधी तिची आठवण काढायचे, जणू ओळखीची असावी. "कशी असेल बिचारी," म्हणायचे.

पानगळ सुरू झाली आणि काकांचं हृदय दमायला लागलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले की पहिला प्रश्न, "कोर्टाचं काय होऊन राहिलं?" मी सांगायचे, अजून चालू आहे, आदेश अजून लागू झालेला नाही. ते मान डोलवायचे. एकदा म्हणाले, "असाच लोंबकळू दे तो, पोर येईपर्यंत तरी." बाळाची वाट बघण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. केतकीला नववा लागला आणि एका सकाळी काकूंचा फोन आला. मला आजही त्या फोनबद्दल लिहिता येत नाही. फ्युनरलला कौन्सिलमधले त्यांचे जुने साहेब आले होते, काठी टेकत. ते मला म्हणाले, या माणसाने मला फार छळलं, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी ऑफिसात असताना केतकीचा फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी जिन्यात जाऊन रडले, हसले, आणि मग धीर करून विचारलं, "आणि कागदांचं?"

"कसले कागद?"

"अगं, जन्माचे! काय विचारलं त्यांनी?"

"हां, ते होय. एक बाई आली होती. नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं. किती गोड आहे म्हणाली आणि गेली."

"बस? व्हिसाचं काहीच नाही विचारलं?"

"नाही गं ताई. काहीच झालं नाही."

संध्याकाळी मी सरळ काकूंकडे गेले. काका गेल्यापासून काकू लोकांसमोर रडल्या नव्हत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करत राहिल्या होत्या. मी त्यांना बाळाचं वजन सांगितलं, नाव सांगितलं, आणि मग त्या कागदवाल्या बाईचं सांगितलं, जसंच्या तसं.

काकूंनी गॅस बंद केला. "काहीच झालं नाही?"

"काहीच नाही, काकू."

त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं. "ह्यांना हेच हवं होतं गं," त्या म्हणाल्या. "जन्मभर ह्यांना एवढंच हवं होतं."