भाचीच्या लग्नातलं रिव्हॉल्व्हर

भाचीच्या लग्नाला मी कमरेला रिव्हॉल्व्हर लावून गेलेलो. भरलेलं.

परवाना होता. मानपाड्याला माझा रेती-खडीचा धंदा. मध्यंतरी फोनवर कोणीतरी ‘बघून घेतो’ म्हणालं, मी अर्ज केला, आणि खेपा घालून घालून परवाना मिळाला. तोवर धमकीवाला मला विसरूनही गेला असेल. पण वस्तू घेतल्यावर ती कपाटात किती दिवस ठेवायची? मुलाकडच्यांना कोटाखाली जराशी जाणवावी, एवढीच माझी हौस. बायको म्हणाली, “लग्नाला चाललाय की लढाईला?” मी म्हटलं, “कायद्याने दिलंय.”

कायद्याने काय दिलंय ते साहेबांनी परवाना देताना नीट सांगितलेलं. झाकून ठेवायचं, मिरवायचं नाही. जत्रा, मिरवणूक, लोकांचा जमाव, शाळा-कॉलेजचं आवार, इथे न्यायचंच नाही. मी मान डोलावलेली. लग्न म्हणजे घरचं कार्य, त्याला जमाव कोण म्हणतो, अशी माझी वकिली.

डोंबिवलीला पोचलो, फाटकातून आत शिरलो, समोर घसरगुंडी. हॉल शाळेचा होता. सुट्टीत लग्नांना देतात.

मागे वळणार तोच बहिणीने हात धरला. मेव्हणे गेल्यापासून तिच्याकडचा वडीलधारा मी एकटा. “आला बाई मामा,” ती म्हणाली आणि मला थेट एका उंच गृहस्थांपुढे उभं केलं. “हे नवरदेवाचे काका. फौजदार होते, आता निवृत्त झालेत.”

काकांनी गळाभेटीला हात पसरले. मी दोन पावलं मागे सरून नमस्कार केला.

सुटायचं कसं? गाडी गुरुजींना आणायला विठ्ठलवाडीला गेलेली. असती तरी भरलेली वस्तू गाडीत टाकून येता येत नाही. बहिणीकडे द्यावं तर तिच्याकडे कसला परवाना? घरी कळव्याला जावं तर मुहूर्त टळतो, आणि नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. मी कोटाची सगळी बटणं लावून उभा राहिलो. मे महिना. “कोट काढा की मामा, भिजलात.” “मला गारठा सोसत नाही.” त्यात पोरांचा पकडापकडीचा खेळ चाललेला, आणि जो तो माझ्याच कमरेला मिठी मारून लपायला बघत होता. मी भिंतीला पाठ लावून, हातांनी पोट धरून उभा. सगळ्यांना वाटलं, मामाचं पोट बिघडलंय.

मंगलाष्टकं संपली. मित्रांनी नवऱ्याला खांद्यावर घेतलं, हार घालता येऊ नये म्हणून. आमच्या बाजूने ओरडा झाला, “मामा, उचला तिला.” भाचीने मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघितलं. उचललं.

कोट वर सरकला. कोणीतरी तो मागून खाली ओढला. काका होते. चेहरा हसरा ठेवून कानाशी म्हणाले, “भरलंय?”

“हो.”

“परवाना?”

“आहे.”

“आणि ही शाळा आहे, ते दिसलं?”

मी भाचीला खाली ठेवलं.

“रिक्षा करा, घरी जाऊन कुलपात ठेवा, मग या. दुसऱ्या कोणी बघितलं तर परवाना जाईलच, पण पोरीच्या लग्नात पोलीस येतील.”

गाडी पाठवणीसाठी सजवायला घेतलेली; पाठवणीला वेळ होता, म्हणून रिक्षाने निघालो. शिळफाट्याला रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे टँकर, मध्ये मी, कमरेला हात लावून. घरी ठेवलं, परत फिरलो, पुन्हा तोच रस्ता. भाचीचा फोन आला. “कुठे आहेस रे मामा? सगळे थांबलेत.” रिक्षावाला ऐकत होता, त्याच्यासमोर काय सांगणार? “आलोच गं,” म्हटलं. पुन्हा फोन आला नाही.

पोचलो तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. बहीण तेवढी बसलेली. मी तिला सगळं सांगितलं, धमकीपासून टँकरपर्यंत. तिने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं.

“कोण मारणार होतं रे तुला? एवढा मोठा कधी झालास तू?”