मीटरबाईंच्या तीन वाटा

आमच्या भटकंती मंडळात त्यांना सगळे मीटरबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते चालतं. एकतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात घरोघरचे मीटर वाचले. सकाळी आठला खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, आणि संध्याकाळपर्यंत शंभरसव्वाशे झाकणं उचलून, आत वाकून आकडा बघायचा. कोणत्या फाटकामागे चावरं कुत्रं आहे, कोणत्या जिन्याची तिसरी पायरी खचलीय, कोणत्या घरातल्या आजींना दारापर्यंत यायला पाच मिनिटं लागतात, हे सगळं तोंडपाठ. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई बूट घालून दारात उभ्या होत्या. जायचं कुठे, ते मात्र ठरलेलं नव्हतं. महिनाभर तसंच गेलं आणि मग त्या आमच्या मंडळात आल्या.

घरात त्या आणि त्यांची मोठी जाऊ, अशा दोघीच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. तीन वर्षांच्या अंतराने गेले. खालच्या मजल्यावर जाऊबाई, वर मीटरबाई. जाऊबाई बहात्तरच्या. अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी अधू, जिभेने तिखट. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले. "तू अख्खं गाव पालथं घातलंस, मी अख्खं गाव मापलं," असं त्या धाकटीला ऐकवत.

आमचं मंडळ सरांनी सुरू केलेलं. सर म्हणजे शाळेतले खेळाचे शिक्षक, सहा फूट उंच, सत्तरीतही ताठ. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी मिळून एक पदयात्रा. फलकावर ठिकाण, वेळ आणि एकच शब्द लागायचा: सोपी किंवा अवघड. तो शब्द सर ठरवत. त्यांच्या दृष्टीने बहुतेक सगळं सोपंच असायचं.

'तळ्याकाठची सोपी फेरी' असं फलकावर लागलं तेव्हा मीटरबाईंनी जाऊबाईंना महिनाभर आर्जवं करून तयार केलं. जाऊबाईंनी त्यासाठी नवे बूट घेतले. सव्वीस माणसं निघाली. तळ्याच्या कडेने गुरांची कुंपणं आहेत आणि ती ओलांडायला लाकडी शिड्या आहेत. पहिली शिडी जाऊबाई कशाबशा उतरल्या. दुसऱ्या शिडीवर एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे, अशा त्या अडकल्या. दोघांनी धरून त्यांना खाली घेतलं. तेवढ्यात पुढून सरांची शिट्टी वाजली, आणि ते दोघेही निघून गेले. दोघी जावा एका ओंडक्यावर बसल्या, मग हळूहळू दोन किलोमीटर चालत रस्त्याला लागल्या आणि बससाठी तीन तास थांबल्या. मी मंडळाचा चिटणीस. मी पुढच्या घोळक्यात होतो. दोन माणसं कमी आहेत हे मला फोटो काढताना डोकी मोजल्यावर कळलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

घरी आल्यावर जाऊबाईंनी बूट पुसून खोक्यात भरले आणि म्हणाल्या, "तुमच्या मंडळात कुणाच्या पायात बसत असतील तर देऊन टाक."

मंडळाची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. तोवर मीटरबाई तिथे कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि मीटरचा आकडा वाचावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं, की तळ्याची फेरी सर सांगतात तशी सात किलोमीटरची नाही, अकराची आहे. मी पुन्हा दोनदा जाऊन मोजून आले. शिड्या चार आहेत. मध्ये बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही.

सर दुखावले. मोजमापं करून भटकंती होत नसते, ज्यांना झेपत नाही त्यांनी बागेत फिरावं, असं काहीसं ते बोलून गेले.

"मग मंडळाच्या पाटीवर तसं लिहा," बाई म्हणाल्या. "आत्ता तिथे 'सर्वांसाठी' असं लिहिलंय."

सर तावातावाने म्हणाले, "एवढं आहे तर तुम्हीच आखा. महिन्याला तीन-तीन वाटा आखा."

"आखते," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सर रागाच्या भरात बोलले होते. बाईंनी तो हुकूम मानला.

पुढचे चार महिने त्या आठवड्यातले तीन दिवस बाहेर होत्या. सकाळी सातची बस, पाठीवर पिशवी, थर्मास, उकडलेली अंडी आणि पाव. प्रत्येक वाट त्या दोनदा चालत, एकदा सुलट आणि एकदा उलट, कारण जाताना जो उतार सुखाचा वाटतो तोच येताना गुडघ्यांना खातो. अंतर आणि चढ नकाशावर मिळत होते. पण चिखल कुठे साचतो, शिडी किती उंच आहे, टेकायला दगड कुठे आहे, आडोसा कुठे मिळेल, मध्येच कुणाला वाट सोडावी लागली तर बस कुठे धरता येईल, हे नकाशात नव्हतं. ते त्यांच्या वहीत उतरलं.

चढ किती अवघड आहे हे ठरवायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. चालताना त्या मोठ्याने पाढे म्हणत. सतराचा पाढा अखंड निघाला तर वाट पहिल्या प्रतीची. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं तर दुसऱ्या. पाढाच सुटला तर तिसऱ्या. एकटीच मोठ्याने सतरासाती म्हणत येणारी बाई पाहून एका शेतकऱ्याला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. बिचाऱ्याने पाणी दिलं आणि रस्त्यापर्यंत सोबत केली. त्या तेवढ्या चालण्यात बाईंनी त्याच्याकडून त्याचा वळू कोणत्या महिन्यांत मोकळा असतो ते काढून घेतलं आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या महिन्यात जुन्या खाणीच्या उतरणीवर त्या पडल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर. जाऊबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. हाडं मोडून घ्यायचं वय आहे का, कोण विचारतंय तुझ्या वाटांना, वगैरे. मीटरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी सातची बस धरली. आता वही डाव्या हाताने भरत होत्या. जाऊबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, कोंबडीने पाय ओढलेत की काय यात? मग चष्मा लावून टेबलाशी बसल्या. बाई सांगत आणि जाऊबाई लिहीत. पंधरा दिवसांत जाऊबाईंना प्रत्येक शिडीची उंची पाठ झाली होती.

नवा फलक लागला. त्यावर सोपी-अवघड असे शब्द कुठेच नव्हते. पहिली वाट: गप्पा मारत जायची. दुसरी: तुटक गप्पांची. तिसरी: गप्प बसून चढायची. खाली किलोमीटर, चढ, शिड्या, बसायच्या जागा. लोक हसले, पण सगळ्यांना कळलं.

तरी पहिल्या नोंदणीत बाईंच्या कष्टांवर पाणी पडलं. छत्तीस नावं आली. पहिल्या वाटेला तीन, दुसरीला चार, आणि तिसरीला एकोणतीस. कमी प्रतीच्या वाटेला आपलं नाव दिसावं हे कुणालाच नको होतं. ज्यांना वाचनालयाच्या जिन्यावर धाप लागते तेही कड्याकडे निघाले होते. मीटरबाई यादी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. जाऊबाईंनी ती यादी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि फोन पुढ्यात ओढला.

त्यांनी एकेकाला फोन केला. दोन मजले न थांबता चढता का, हा पहिला प्रश्न. हो म्हणालं की दुसरा: शेवटचं कधी चढलात? एका गृहस्थांनी फारच छाती काढली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तुमचा कोट मी शिवलाय. तीनदा सैल केलाय. तुमचं नाव दुसऱ्या वाटेला टाकते, तिथे तुम्हाला मजा येईल." संध्याकाळपर्यंत यादी बारा, पंधरा, नऊ अशी झाली. कुणी रुसलं नाही. उलट दोघातिघांना सुटल्यासारखं वाटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून नोंदणी जाऊबाईंकडे आहे. त्या स्वतः पहिल्या वाटेलाही कधी आल्या नाहीत. मीटरबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, की मी इथे बसून छत्तीस माणसं चालवते, तेवढं पुरे आहे. तिसऱ्यांदा बाईंनी विचारलं नाही.

पहिल्या दोन वाटा त्या महिन्यात नीट पार पडल्या. तिसरी होती कड्यावरची. नऊजण. त्यांत सर होते, मी होतो आणि आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर होते. सकाळी बसमध्ये बाईंनी सांगितलं, की आपण कुठेही असलो तरी दुपारी दोनला मागे फिरायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाटेत बस बंद पडली आणि पन्नास मिनिटं तिथेच गेली.

दोन वाजले तेव्हा आम्ही शेवटच्या चढाच्या पायथ्याशी होतो. माथा समोर दिसत होता. माथ्यावरचा दगडांचा ढीगसुद्धा दिसत होता. फार तर पंचवीस मिनिटं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन वाजले. परत."

डॉक्टरांना वाटलं त्या थट्टा करतायत. मग त्यांनी समजावून पाहिलं. हवा स्वच्छ आहे, सगळे ताजेतवाने आहेत, इतक्या जवळ येऊन मागे फिरणं म्हणजे घास तोंडाशी आणून खाली ठेवणं. आणखी दोघे त्यांच्या बाजूने बोलले. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो.

"उतरणीला सुटे दगड आहेत," बाई म्हणाल्या. "तिथे मला उजेड हवा आणि तुमचे पाय ताजे हवेत. सकाळी सगळ्यांनी हो म्हटलंय."

आता सगळे सरांकडे बघायला लागले. या मंडळात पंचवीस वर्षं सर माथा गाठल्याशिवाय परत फिरले नव्हते. ते माथ्याकडे बघत उभे राहिले. मग पाठीवरची पिशवी सारखी केली आणि म्हणाले, "आज नेतृत्व बाईंचं आहे. वळा." आणि पहिले तेच वळले.

खाली येताना धुकं आलं नाही. पाऊस आला नाही. कुणाचा पाय घसरला नाही. बस यायच्या दीड तास आधीच आम्ही थांब्यावर पोचलो. दीड तास त्या लख्ख उन्हात आम्ही तो माथा बघत बसलो. बाईंशी कुणी बोलत नव्हतं. त्या एका टोकाला बसून वही लिहीत होत्या. सर उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"दीड तास हातात होता," सर म्हणाले.

"होता."

"मग चुकलं म्हणायचं?"

बाईंनी वही मिटली. "वेळ ठरवताना चुकलं असेल. वळताना नाही चुकलं. वेळ पुन्हा तपासते."

"कधी जाणार?"

"बुधवारी."

बुधवारी सातच्या बसला सर थांब्यावर उभे होते. दोघांनी मिळून कडा वरपासून खालपर्यंत तपासला. बाई चालत आणि सर घड्याळ धरत. सुट्या दगडांची उतरण बाईंनी ताज्या पायांनी एकदा आणि दमलेल्या पायांनी एकदा उतरून पाहिली. दमलेल्या पायांनी दुप्पट वेळ लागला. म्हणून मागे फिरायची वेळ त्यांनी फक्त वीस मिनिटांनी पुढे नेली, आणि निघायची वेळ तासाभराने अलीकडे आणली. सातच्या बसच्या भरवशावर न राहता सहाला खासगी गाडी ठरवली. पाढे म्हणायला सरांनी नकार दिला, असं बाईंनी नंतर मला सांगितलं. पण माथ्याखालच्या चढावर ते एकोणतीसचा पाढा पुटपुटत होते म्हणे.

पुढच्या महिन्यात तीच वाट पुन्हा लागली. नऊपैकी सातजण आले, डॉक्टरही आले. बारा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही माथ्यावर होतो. तिथे चांगला तासभर बसलो, खाल्लं, आणि वळायच्या वेळेआधीच उतरायला लागलो. सुट्या दगडांवर डॉक्टरांचा पाय घसरला आणि ते बसले. लागलं काही नाही. उठून पँट झटकली आणि बाईंकडे न बघता पुढे चालायला लागले.

याला चार वर्षं झाली. मंडळात आता नव्वद माणसं आहेत आणि पहिल्या वाटेला सगळ्यात जास्त गर्दी असते. फोनवर जाऊबाईंचा आवाज आला की भलेभले वय खरं सांगतात. गेल्या वर्षी सरांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांनी त्यांनी तिसऱ्या वाटेसाठी फोन केला. जाऊबाईंनी त्यांना पहिल्या वाटेला घातलं आणि वर सांगितलं, की तुमच्यासोबत तिघी नव्या आहेत, त्यांना शिडी कशी उतरायची ते दाखवा. सर पहिल्या वाटेला गेले आणि त्यांनी दाखवलं.

मीटरबाई आता अडुसष्टच्या आहेत. तिसरी वाट तपासायचं काम त्यांनी यंदापासून डॉक्टरांकडे दिलंय. परवाच्या बैठकीत डॉक्टरांनी नवी वाट मांडली आणि मागे फिरायची वेळ सव्वादोन लिहिली. बाईंनी विचारलं, सव्वादोनच का? डॉक्टर म्हणाले, साधारण अंदाजाने. बाईंनी कागद घडी करून त्यांच्या हातात परत दिला. येत्या गुरुवारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर पुन्हा जाणार आहेत.