घासून गेलेला जांभळा

सुरतेला मी बावीस वर्षं हिऱ्यांना पैलू पाडले. लोणी गावातून निघालो तेव्हा लग्न नुकतंच झालं होतं, परतलो तेव्हा मुलगी कॉलेजात होती. कारखान्यात काम कमी झालंय, असं मी घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की भिंगातून बघताना मला हिऱ्याच्या कडाच दिसेनाशा झाल्या होत्या. मधलं तेवढं दिसायचं, भोवती नुसता धूर.

मंचरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "उरलेली किती टिकते ते बघू."

बाहेर बाकावर बायको बसली होती. "काय म्हणलं?" तिनं विचारलं.

"औषध दिलंय," मी म्हणालो.

त्याच उन्हाळ्यात पिंपरी पेंढारला तिच्या भावाच्या विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंगानं काळा पाषाण फुटला आणि आत जांभळ्या स्फटिकांनी भरलेली एक पोकळी निघाली. तिनं त्यातले बोराएवढे तीन वेचून आणले नि माझ्या हातावर ठेवले. "एवढी वर्सं लोकांच्या बोटांसाठी घासलं तुमी. एक माझ्यासाठी घासा."

इतक्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. सुरतेहून आणलेलं एक जुनं लहान यंत्र मी पडवीत मांडलं.

सुरतेला मला शिकवणारा म्हातारा कारागीर भावनगरकडचा होता. तो सांगायचा, हे आकार कुणा राजानं काढलेले नाहीत, दगडानंच काढून दिलेत. माणसानं पहिल्यांदा खडा दगडावर घासला तेव्हा आपोआप घुमट झाला, म्हणून घुमट सगळ्यात जुना. हिरा निसर्गातच दोन टोकांचा येतो, बूड बुडाला चिकटलेले दोन पिरॅमिड असावेत तसा. त्याचं एक टोक घासून सपाट केलं, तो झाला टेबल. पाचूचे कोपरे ठिसूळ, फुटायचे, म्हणून ते आधीच छाटले आणि पाचू अष्टकोनी झाला. गोल हिरा, सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंचा, तो फार उशिरा आला. आपण तोच करतो, म्हणून आपल्याला वाटतं तोच पहिला.

साहजिकच बायकोसाठी मी गोलच करायला घेतला. आठ-दहा दिवस खपलो. पैलूंची टोकं एका बिंदूत मिळायला हवीत, ती मिळेनात. मी पुन्हा घासायचो, पुन्हा बघायचो, नि शेवटी दगड मसुराच्या डाळीएवढा उरला. तो मी परड्यात फेकून दिला. तिला म्हणालो, "तडा होता त्याला."

दुसऱ्याचा टेबल करायला घेतला. चार बाजू आणि एक सपाट माथा, एवढंच तर काम. झाल्यावर तिनं तो उजेडात धरला.

"तिरका हाय का वो जरा?"

मी बोटानं चाचपला. तिरकाच होता. पहिल्या वर्षाच्या पोरानंही असा केला नसता.

मग घुमट. त्याला डोळा लागत नाही, अंगठ्याला गोलाई कळते. यंत्र बंद करून मी तिसरा दगड सहाणेवर पाणी आणि कुरुंदाची पूड घालून हातानं घासू लागलो. महिनाभर घासला. त्या महिन्यात माझं मन थोडं स्वस्थ होतं, हे कबूल करतो. ती शेतातून आली की शेजारी बसायची, दगड हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, "लई झ्याक हुतोय." मलाही त्यात जांभळी झाक दिसायची.

नारायणगावच्या सोनारानं तो चांदीच्या अंगठीत बसवून दिला. सुट्टीला मुलगी घरी आली, आईचा हात धरून म्हणाली, "आई, ही काच कशाला घातलीस?"

बायकोनं तिला गप्प केलं, पण मी ऐकलं होतं. "काच कशी? जांभळा आहे ना?"

मग बायको म्हणाली, "वरच्या शेंड्यालाच व्हता जांभळा. खालनं पांढराच निघाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला दिसलं तवा जांभळं निघून गेलं व्हतं. आन् तुमी मन लावून घासत व्हता."

रंग दगडात कुठं बसलाय ते आधी बघायचं, मग हात लावायचा. हा आमच्या कामातला पहिला धडा. मी कितीतरी पोरांना तो शिकवला होता. इथं मी रंगच घासून पाण्यात सोडला होता, आणि जी झाक मला दिसत होती ती नुसती आठवण होती.

बायको ती अंगठी घालतेच. काढ म्हटलं तर काढत नाही. यंत्र मी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

उजवा डोळा दिवाळीनंतर गेला. डाव्याला दाराचा चौकोन दिसतो, त्यात कोण उभं आहे ते विचारावं लागतं. हे सगळं मुलगी लिहून घेतेय. शेवटी काही बरं घालू का, असं तिनं मघाशी विचारलं. मी नको म्हणालो.