न प्यालेली दारू

"वास घ्या," असं म्हणून आमचा मिस्त्री समोरच्याच्या नाकाशी तोंड न्यायचा आणि 'हाऽ' करून श्वास सोडायचा. मग समोर गिऱ्हाईक असो, फौजदार असो, नाहीतर भर मांडवातला व्याही असो. वास यायचा तो भाकरीबरोबर खाल्लेल्या कांद्याचा. लोक तोंडावर हसायचे आणि त्याची पाठ वळली की म्हणायचे, "लवंग चघळून आलाय."

इंदापुरात माझं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून त्याचं मोटारी भरायचं. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. गडी निरवांगीचा. बापाची मेंढरं होती, ती विकून हा या धंद्यात शिरलेला. ऊस वाळायला लागला की शेतकरी त्याच्या पायरीवर ठाण मांडायचे.

"मिस्त्री, आजच्या आज द्या."

"मग तार काय दातानं गुंडाळू व्हय?" असं खेकसायचा आणि संध्याकाळी मोटार द्यायचा.

नव्वदनंतरची ती वर्षं. त्याचे पाय अडखळायला लागले, जीभ जड झाली. भर दुपारी पेठेतून भिंती धरत येताना लोकांनी त्याला पाहिलं आणि निकाल लागला. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, आणि खरं सांगा, तुम्हीही हाच निकाल दिला असेल. ज्याचा झोक जातो तो पितो. दुसरं कारणच आपल्याला ठाऊक नाही.

गावातल्या डॉक्टरकडे गेला, तर तो खुर्चीतून न उठताच म्हणाला, "आधी सोडा, मग या." नाडीसुद्धा पाहिली नाही. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मग मेहुणा त्याला दारू सोडवणाऱ्या एका बाबाकडे घेऊन निघाला. वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, भावाला हात जोडत होत्या, "दादा, त्यांनी कधी थेंब घेतला न्हाय." सख्खा भाऊ, पण ऐकेल तर शपथ. बाबानं काळंकुट्ट औषध पाजलं. आणि घात असा झाला, की महिन्याभरात मिस्त्री खरोखरच सरळ चालायला लागला. तो रोगच तसा, येतो, ओसरतो, पुन्हा येतो. पण तेव्हा ते कुणाला माहीत? गाव म्हणालं, "बघा, सुटली!" मेहुण्यानं पेढे वाटले.

मिस्त्रीनं त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. "घ्या. न प्याल्याली दारू सुटली माजी."

आम्ही पोट धरून हसलो. हसू थांबलं तेव्हा तो डोळे पुसत होता.

उन्हाळा आला आणि पाय पुन्हा गेले. ऊन तापलं की त्याच्या अंगातलं बळच जायचं. "परत धरली," लोक म्हणाले. गिऱ्हाईकं मोटारी बारामतीला न्यायला लागली. दारुड्यानं भरलेली मोटार विहिरीत कोण सोडणार?

शेवटी मी त्याला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो काढले आणि शांतपणे समजावलं. "मिस्त्री, तारेवर वार्निश असतं ना, तसं नसांवर वेष्टण असतं. ते खाल्लं जातंय. आणि खातेय ती तुमच्याच शरीरातली, रोगजंतूंशी लढणारी फौज."

मिस्त्रीनं एक फोटो उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढरं फाडाय लागलं. बांदून घालता येतं का त्येला?"

"थोडंफार. पण ते बांधलं की लांडग्याला वाट मोकळी होते."

"आनि दारू?"

"दारूचा काहीएक संबंध नाही."

त्यानं माझा दंड घट्ट धरला. "ऐकलं न्हवं? हे समद्यांना सांगा तुमी."

सांगितलं की! पारावर सांगितलं, लग्नात सांगितलं, माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. "काय नाव म्हनला रोगाचं?" म्हणून विचारायचे आणि लांबलचक इंग्रजी नाव ऐकून एकमेकांना डोळा मारायचे. आपल्याकडे पटकीला नाव आहे, खरजेलाही आहे. याला नाही, म्हणून तो रोगच नाही! 'दारुडा' हा शब्द मात्र सगळ्यांच्या जिभेवर तयार होता. मला त्या जिभा हासडून काढाव्याशा वाटायच्या.

इंजेक्शनांनी ते कुत्रं बांधलं, काही दिवस उतार पडला. मग एका पावसाळ्यात साधा खोकला छातीत उतरला आणि मिस्त्री गेला.

दहाव्याला कालव्याच्या कडेला पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर, पण एकही खाली येईना. "पोरांना शिकवीन," वहिनी म्हणाल्या. "दुकान मोडू देणार नाही," मी म्हणालो. कावळे हलले नाहीत. तेवढ्यात मेहुण्यानं खिशातून क्वार्टर काढली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आज कबूल करतो. मेलेल्याच्या आवडीचं पिंडाशी ठेवायची रीतच आहे. झाकण फिरवत तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "घ्या दाजी. आज कोन अडवत न्हाय तुमास्नी."

वहिनींनी ती बाटली हिसकावली आणि कालव्यात भिरकावली. माझ्या तोंडून भटजींच्या देखत शिवी गेली. कावळा काही शिवला नाही. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना माझ्या पुढे दोघे जण चालले होते.

"बाटली ठिवाय पायजे हुती," एक जण म्हणाला. "लगीच शिवला असता."