डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आम्ही कसे भ्यालो

आमच्या दवाखान्यातली जुनी माणसं दोन जरी भेटली, तरी चहा गार होतो. एकानं काही सांगितलं की दुसऱ्याला दुसरंच आठवतं, आणि किस्से वाढतच जातात. गंमत म्हणजे निम्मे किस्से आमच्या भ्यायचेच!

जळकोटच्या अलीकडं आमच्या मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. निझामाचं राज्य. आम्ही चौघं: डॉक्टरीणबाई, कंपाउंडर शांतवनकाका, शेजारच्या चर्चचे पाळकसाहेब आणि मी, नर्स सुलोचना. त्यात धीराचं माणूस एकच होतं, आणि ते मी नव्हे.

*

मी नवी आले तेव्हा डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी आणि पेटीत फ्रेम केलेलं सर्टिफिकेट! तिसऱ्याच दिवशी पटकीची साथ आली. व्हरांडाभर माणसं आडवी. झाडूवाली भिऊन माहेरी पळाली.

डॉक्टरीणबाईंनी रोग्यांच्या ओकाऱ्यांनी भरलेली बादली माझ्यापुढं धरली.

"हे नर्सचं काम नाही," मी म्हणाले. खरं तर भ्याले होते, पण तसं म्हणायची लाज वाटली. घमेंड दाखवणं सोपं गेलं.

बाईंनी बादली स्वतः मागं नेली, वर चुना टाकला, हात धुऊन परत आल्या. "सर्टिफिकेट बघू तुझं."

मी हौसेनं आणून दिलं. त्यांनी एकेक ओळ वाचली.

"छान आहे. पण बादली उचलायची नाही, असं यात कुठंच लिहिलेलं नाही!"

*

शांतवनकाका माझ्याहून भित्रे. त्याच साथीत गळ्यात कापराची पुडी, खिशात कडुनिंबाचा पाला. औषध द्यायचं तर हात लांब करून, तोंड भिंतीकडं!

एकदा लोहाऱ्याकडचा एक शेतकरी आणला. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. काकांनी पेला पुढं केला आणि त्यानं पेल्याऐवजी काकांचं मनगटच धरलं.

"बाई! यानं मला धरलं!" काका ओरडले.

"मग बसा त्याच्यापाशी," बाई म्हणाल्या. "मला सोळा जण बघायचेत."

सकाळपासून दिवस कलेपर्यंत काका तिथंच. ओठांवर प्रार्थना, कपाळावर घाम. दुसऱ्या हातानं चमचा चमचा पाणी पाजत होते. त्याच्या ओकाऱ्यांनी काकांचा सदरा भिजला. उठून मात्र गेले नाहीत.

तो माणूस वाचला! चार दिवसांनी जाताना काकांच्या पाया पडला.

"इतका घट्ट का धरला होतास रे?" काकांनी विचारलं.

"काय करू साहेब? तुमचा हात लई थरथरत होता. म्हटलं, बिचारं भ्यालंय, सोडावं कसं!"

*

पाळकसाहेबांचं रुबाबाशिवाय पान हलत नसे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्या ईस्टरआधीच्या गुरुवारी तेही मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. पण आदल्या रविवारीच हुकूम सुटायचा, "ज्यांचे पाय धुवायचे आहेत, त्यांनी घरून साबणानं धुऊन यावं!"

मग ते वाईट वर्ष आलं. गावोगाव निझामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. त्या गुरुवारी उपासना चालू असतानाच दार धाडकन उघडलं. आम्हाला वाटलं, आले! बायका बाकांखाली शिरल्या. माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं.

दारात जाळलेल्या गावची माणसं होती. म्हातारी, लेकुरवाळ्या, तीसेक जण. काट्याकुट्यातून रानोरान अनवाणी आलेली. पायांतून रक्त गळत होतं.

पाळकसाहेब हातात घंगाळ घेऊन उभे. झगा पांढराशुभ्र. कुणी हलेना.

शांतवनकाका हळूच म्हणाले, "साहेब, यांना घरून धुऊन यायला सांगू का?"

साहेबांनी काकांकडं बघितलं. मग झगा काढला, खुंटीला अडकवला आणि बाह्या सारल्या.

"पाणी गरम करा," म्हणाले. "पुष्कळ लागेल."

*

हा किस्सा मी स्वतः सांगत नसे. काका सांगायचे, म्हणून मग मीच सांगायला लागले.

भ्यालेले लोक हद्दीपलीकडं सोलापूरला निघाले होते. मिशननं आमच्यासाठी एक बैलगाडी धाडली. बाई म्हणाल्या, "मी नाही येत. ज्याला भीती वाटते त्यानं जावं."

मी सगळ्यांच्या आधी गाडीत! शेजारी माझी पेटी. मग लेकरंबाळं चढली, गाडी भरली. एक म्हातारी उरली, ती गाडीचा दांडा धरून पायी चालायला लागली. मी नजर दुसरीकडं वळवली.

कोसभर गेल्यावर म्हातारी म्हणाली, "बाई, तुमची पेटी लई नशिबाची. बसून चाललीया."

मी गाडी थांबवली. पेटी उतरवली, म्हातारीला चढवलं. आणि पेटी डोक्यावर घेऊन उलट दवाखान्याकडं चालायला लागले. रस्ताभर मागं वळून बघत होते, रडत होते. दारात बाई भेटल्या.

"आलीस? बरं झालं. गाद्या वाळत घालायच्यात."

*

पुढं भारताची फौज आली, निझामाचं राज्य गेलं. आता भ्यायची पाळी मुसलमानांवर आली. गावातल्या आमीनाबीचा नवरा शेतातून परत आलाच नाही. तिला कळा सुरू झाल्या तशी तिची सासू तिला घेऊन आमच्याकडं आली.

भर दुपारी बाळ झालं. मुलगा! आणि तेवढ्यात आवारात माणसांचा गलका. वीस-पंचवीस जण. पुढं कुऱ्हाड घेतलेला एक दांडगा गडी.

"आत कुणाची बाई ठिवलीया? भाईर काढा!"

आमीनाबीचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात गुंतलेले. मान वर न करता म्हणाल्या, "सुलोचना, मागचं दार उघडं आहे. जायचं तर जा. मी रागावणार नाही."

खोटं कशाला बोलू? मी मागच्या दारापर्यंत गेले. कडीला हातसुद्धा लावला. पण बाळ माझ्याच हातात होतं, ओलं, नुसतं फडक्यात गुंडाळलेलं. मी वळले आणि पुढच्या दारानं बाहेर आले.

तो गडी पायरी चढून आला. "सरका बाई."

मला धड प्रार्थनासुद्धा आठवेना. तोंडून निघालं ते एवढंच, "दादा, हे जरा धरा. तिचं रक्त थांबत नाही, मला आत बाईंना हात द्यायचाय."

तो बघतच राहिला. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढं केले.

रक्त थांबायला अर्धा तास लागला. बाहेर आले तर आवारात चिडीचूप. माणसं लिंबाखाली बसलेली. तो पायरीवरच होता. डोक्याचा पटका सोडून बाळाभोवती गुंडाळला होता.

"बाळंतीण जित्ती हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय," मी म्हणाले.

त्यानं बाळ माझ्याकडं दिलं. कुऱ्हाड उचलली, दोन पावलं गेला, थांबला.

"कुणाचं हाय हे, बाई?"

मी तोंड उघडलं.

"न्हाय," तो म्हणाला. "सांगू नगा."