काकांची गादी
ओल्या कापसाचा कुबट वास आला की मला शेजारच्या काकूंचं दार आठवतं. काका वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांची गादी दारासमोर रस्त्याच्या कडेला टाकली होती, ती पावसात भिजत पडली. त्याच आठवड्यात नगरपंचायतीने मोडके सोफे, खाटा, गाद्या उचलायला कंत्राटदार नेमला. सभेत त्याच्या गाडीच्या रंगाचं भरपूर कौतुक झालं, काम कसं करणार हे मात्र कोणी विचारलं नाही. नारळ फुटला, हार पडले आणि गाडी आमच्या गल्लीत आली. समोरचा सोफा चढवून माणसं गादीपाशी थबकली. "मेलेल्याची हाये का, बाई?" काकूंनी मान हलवली. "मंग आमी हात नाही लावत." "मंग मी रोज पाहत राहू का?" काकू ओरडल्या. "नगरसेवकाले विचारा," म्हणत गाडी निघून गेली. नगरसेवक फोनवर म्हणाले, "काकू, करारात गादी लिहिली हाये, मेलेल्याची नाही." संध्याकाळी कुत्री कापूस उपसू लागली, तशा काकू गादी ओढत घराकडे निघाल्या. मी दुसरं टोक धरून विचारलं, "काकू, आत काऊन नेता?" त्या म्हणाल्या, "तुया काकाले बाहेर झोप नाही लागत, बाबू." पुढे गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. काकूंकडे गेलो की अजूनही मी आतल्या खोलीकडे बघत नाही.